समासातली बाई

“समासात जरा जपून लिहा हं. आमच्याकडे दोघं वाचतात,” असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती आणि मी हसले होते. “नशीबवान आहात. आमच्याकडचे तर किराणा यादीसुद्धा अर्धीच वाचून पिशवी उचलतात,” असं काहीतरी मी म्हटलं. मग तीही हसली, पण तिचं हसू माझ्या हसण्यानंतर जरा थांबून आलं आणि मी ते नेटच्या खात्यावर टाकलं. ऑनलाइन वर्गात सगळंच जरा थांबून येतं. आवाज, कौतुक, लाज. त्या दिवशी आमची जोडी ठरली होती. आमच्या लेखनवर्गाची पद्धतच तशी. प्रत्येकाला एक जोडीदार. आपला मसुदा आधी जोडीदाराने वाचायचा, समासात अभिप्राय लिहायचे आणि मग तो रविवारी दुपारी सगळ्यांपुढे ठेवायचा. जोडी एकदा लागली की वर्ग संपेपर्यंत बदलायची नाही. “लग्नासारखं,” असं मास्तर म्हणाले, आणि पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतून दात दिसले. मास्तर हे आमचं नाव, माझं आणि तिचं, आपसातलं. ते स्वतःला ‘सहप्रवासी’ म्हणवून घेत.

वर्ग निम्म्यावर आला तेव्हा माझ्या कथेच्या समासात तिच्या नावाने एक नोंद आली: ‘सदर परिच्छेद अनावश्यक वाटतो.’ झालं ते एवढंच. मी गॅलरीत वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून उभी होते, कारण नेट आणि शांतता ही जोडी आमच्या घरात फक्त तिथे जमायची. आत मुलगी झोपली होती. मशीन कपडे पिळायला लागलं होतं आणि पडद्यावरची अक्षरं त्याच्याबरोबर थरथरत होती. मी मशीन बंद केलं. अक्षरं थांबली. सदर. हा शब्द कुणी तोंडाने बोलतं का कधी? सदर बाळ रडत आहे. सदर दूध उतू गेले. घासात खडा लागावा तसा तो शब्द दाताखाली आला आणि मी जेवता जेवता थांबावं तशी थांबले. बाळंतपणानंतर मला ही खोड लागली होती. कुणी दार जरा वेगळ्या आवाजाने लावलं, कुणी ‘हो’ऐवजी ‘हं’ म्हटलं, की माझं मन कान टवकारून बसायचं. नवरा म्हणायचा, “तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. गुन्हा नसला तरी तू गुन्हेगार काढला असतास.” मी त्यालाही हसायचे. त्या काळात मी पुष्कळ हसायचे.

पण ती ‘सदर’ लिहिणारी बाई नव्हती. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, म्हणजे लग्नानंतरही बरीच वर्षं करत होती आणि मग सोडलं; डोळे दुखतात, असं कारण तिने सांगितलं. मी ते घेतलं, कारण चष्म्याच्या दुकानातल्या बाईचे डोळे दुखावेत यात मला गंमत वाटली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर ती जड चौकट चढवायची, काचा बदलत विचारत राहायची, हे बरं की आधीचं बरं, हे बरं की आधीचं. तोच प्रश्न ती समासात घेऊन आली होती. माझं एखादं वाक्य ती दोन तऱ्हांनी लिहायची आणि खाली विचारायची, “हे बरं की आधीचं?” जिथे मी उगाच सजवलेलं असे तिथे एकच शब्द: “धूसर.” आणि जिथे मला लिहितानाही भीती वाटली असेल नेमकं तिथे: “स्वच्छ.” कॉलेजात मी भाषा घेऊन पदवी मिळवली, प्राध्यापकांच्या लाल शाईचे डोंगर पाहिले, पण मला इतक्या थोडक्यात कुणी वाचलं नव्हतं. पाळण्यापाशी उभ्या असलेल्या आईवर मी एक मोठा, ओलसर परिच्छेद लिहिला होता. तिने त्याच्या कडेला लिहिलं, “इथे ती बाळ बघत नाहीये. दार बघतेय.” मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. मी खरंच दार बघत होते. आपल्या हातून बाळाला काही होईल, या भीतीने बाळापासूनच पळून जावंसं वाटतं, हे मी नवऱ्याला, आईला, स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं. समासातच, तिच्या नोंदीखाली, बारीक अक्षरात: मुलगी झोपली की मी तिच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघते, बघितला की पाठ वळवते आणि मग वाटतं, पाठ वळवल्यावर थांबला असला तर, की परत बघते. तिने खाली लिहिलं, “बोट धरू नका, त्याने ती दचकेल. पोटाकडे बघा. पोट हलताना लांबूनही दिसतं.” मी तेव्हापासून पोटाकडे बघते.

आई मामाला पत्र लिहायची तेव्हा मी तिच्या मांडीपाशी बसून तिचं पेन किती भरभर जातं ते बघायचे. भांडी, पाहुणे, माझा ताप, मोरीतलं तुंबलेलं पाणी, सगळं एका दमात. मग बाबा यायचे, चष्मा लावायचे आणि पाकिटात घालण्याआधी पत्र वाचायचे. “शुद्धलेखन बघतो फक्त,” म्हणायचे. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी पत्र फाडलं नाही. इथे एक काना, तिथे एक वेलांटी, आणि मधेच एखादं वाक्य सुबक आडव्या रेघेखाली जायचं. मग आई ते पत्र पुन्हा, चांगल्या अक्षरात लिहून काढायची, आणि दुसऱ्या पत्रात मोरी तुंबलेली नसायची. शेवटी ‘इकडील सर्व कुशल’ असायचं. मामाला माझी आई किती वर्षं कुशल वाटली असेल? “त्यांना भाषेची आवड आहे ना,” असं आई कौतुकाने सांगायची, आणि ते कौतुक खरंही असेल, मी नाही म्हणत नाही. पण ‘सदर’ वाचल्यावर मला मोरीचा वास आला. तिथे, गॅलरीत, मशीनच्या साबणाच्या वासातून वर येणारा, रेघेखाली गेलेल्या पाण्याचा वास.

त्या नोंदीच्या आधीच तिची कथा वर्गापुढे येऊन गेली होती. साधी कथा. एक बाई. तिचा नवरा तिला इतका जपतो की अंघोळीच्या पाण्यात तो आधी हात घालून बघतो, तिचे कपडे तोच काढून ठेवतो, ती फोनवर बोलत असली की फोन तोच धरतो, तिचा हात अवघडायला नको म्हणून. एके दिवशी ती कचऱ्याचा डबा घेऊन खाली जाते, डबा रिकामा करते आणि वर जात नाही. कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर रिकामा डबा हातात धरून उभी राहते. संपली कथा. जोडीदार म्हणून मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या हातात मुलीची दुधाची बाटली होती, ती गार होऊन गेली. मी समासात लिहिलं. पुष्कळ लिहिलं. शेवटी असंही लिहिलं: “हा माणूस चांगला नाहीये हो. तुम्ही त्याला चांगलं म्हणताय, पण तुमचं प्रत्येक वाक्य त्याला घाबरतंय. तुम्हाला हे माहीत आहे ना?” अभिप्राय म्हणून तो मी दिलेला सर्वांत खरा अभिप्राय होता, आजही आहे. लिहून झाल्यावर मला आपण कुणाचा तरी हात हातात घेतल्यासारखं वाटलं. त्या समासात दोन हात होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

रविवारी वर्गाने ती कथा उलगडली. चर्चा चालू असताना लेखकाने आपला माइक बंद ठेवायचा, हा नियम. तिचा कॅमेरा नेहमीसारखा खिडकीकडे होता. ती स्वतः कधी दिसत नसे, फक्त पडद्याची कड आणि उजेड. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले काका म्हणाले, “मला ही बाई पटली नाही. मारत नाही, पीत नाही, बाहेर काही भानगड नाही. मग जाते कशाला? सुख दुखतंय बाईला.” दातांची डॉक्टर म्हणाली, “डबा म्हणजे गर्भाशय आहे का?” “मला तर डबा हा डबाच वाटला,” असं मी म्हटलं आणि सगळे हसले. “नाही, पण डॉक्टरांचं बरोबर आहे, तो रिकामा आहे हे महत्त्वाचं,” मास्तर म्हणाले. “कारण पेरा. वाचकाला कारण द्या. नाहीतर तिला वर पाठवा. कुठलं तरी एक करा. अधांतरी बाई कुणालाच पटत नाही.” पटत नाही, पटत नाही. आमच्या वर्गात हा एकच मोजमापाचा दोरा होता. नवऱ्याशी पटत नाही म्हणून निघालेल्या बाईला आम्ही म्हणत होतो, बाई, तू आम्हाला पटत नाहीस. मी म्हणाले, “तो फोन धरतो ना, ते कारण आहे.” काका म्हणाले, “अहो, आमची ही म्हणते, तुम्ही एकदा तरी काही धरा!” पुन्हा सगळे हसले. तिच्या खिडकीतला उजेड एकदा झाकला गेला आणि पुन्हा मोकळा झाला. कुणीतरी समोरून गेलं होतं. ती तर खुर्चीत बसलेली असणार.

आणि पुढच्याच आठवड्यात ‘सदर’. त्यामागून एकेक ओळ तशीच येत गेली, धुऊन इस्त्री करून घडी घातलेली. ‘पात्राची मानसिकता अधिक सकारात्मक दाखवता येईल.’ ‘आईने दाराकडे पाहण्याचे प्रयोजन काय?’ मी गॅलरीतल्या दोरीवर लंगोट वाळत घालताना ती वाक्यं तोंडात घोळवून बघायचे, कुठल्याच बाजूने ती तिची होत नव्हती. मग मी एक खोडी केली. माझ्या कथेत मधोमध एक वाक्य घातलं, मुद्दाम, लाज वाटेल असं: ‘मातृत्वाच्या कोवळ्या उन्हात ती नखशिखांत न्हाऊन निघाली.’ ती असती तर त्या वाक्यावर तीनदा ‘धूसर’ लिहून चौथ्यांदा हसली असती. उत्तर आलं: ‘अतिशय सुंदर वाक्य. अशी वाक्ये आणखी हवीत.’ मी लॅपटॉप मिटला. बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. नखशिखांत.

“तिच्या जागी तिचा नवरा लिहितोय,” मी माझ्या नवऱ्याला म्हटलं. तो मुलीला पाठीवर थोपटत खोलीत फेऱ्या मारत होता.

“लिहू दे की. तू नाही का माझ्या साहेबाला माझी मेल लिहून देत?”

“तू सांगतोस म्हणून देते.”

“तिनेही सांगितलं असेल. बाई कंटाळली असेल तुमच्या त्या समासाला. किंवा सुधारली असेल. माणसं सुधारतात गं. तू सोडून.”

“तो वाईट आहे.”

“का? व्याकरण चांगलं आहे म्हणून?”

त्याच्या खांद्यावर मुलगी लाळ गाळत झोपत होती, त्याचा शर्ट ओला झाला होता आणि त्याला ते कळलं नव्हतं. चांगला माणूस. तो माझ्या पाण्यात हात घालून बघत नाही, मला चटका बसतो. पण त्या दिवसांत मी त्याच्या चांगुलपणाचीही चाचपणी करू लागले होते. त्याने न विचारता चहा आणून दिला की मला वाटायचं, का? माझा फोन चार्जिंगला लावला की वाटायचं, बघितला असेल? असं वाटण्याचा मला रागही यायचा. दुसऱ्याच्या घरातली भीती वाचून वाचून मी आपल्या घरात आणून ठेवली होती आणि आता तिला कुठे बसवावं ते कळत नव्हतं.

तिने सुधारलेली कथा वर्गापुढे वाचली तो रविवार. पहिल्यांदाच कॅमेरा तिच्याकडे वळलेला होता. माझ्या कल्पनेपेक्षा ती लहान होती, केस घट्ट मागे बांधलेले, चेहऱ्यावर समोरून छान उजेड, जसा कुणीतरी दिवा नीट लावून दिलेला असावा. ती कागदावरून वाचत होती. नव्या कथेत नवरा तसाच होता, फक्त वाक्यांनी घाबरायचं सोडून दिलं होतं. बाई डबा रिकामा करते, बसथांब्याकडे बघते आणि तिला घरातला दिवा आठवतो. मग तिने वाचलं, “आणि ती वर गेली नाही.” थांबली. डावीकडे बघितलं, चौकोनाच्या बाहेर, जिथे आम्हाला काही दिसत नव्हतं. “माफ करा. आणि ती वर गेली.” मास्तर मोठ्यांदा हसले, “बघा, लेखिकेचं मन अजून खालीच रेंगाळतंय!” सगळे चौकोन हसले. काका म्हणाले, “आता पटली बाई. शंभर टक्के पटली.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “भाषा कसली सुधारलीय! पॉलिश केल्यासारखी.” सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली, पिवळे पिवळे हात पडद्यावरून वर तरंगत गेले. मी माझा माइक चालू केला. मला म्हणायचं होतं, आधीचं बरं होतं. तिच्याच शब्दांत, म्हणजे तिला कळलं असतं. पण ती पुन्हा डावीकडे बघत होती, आणि मला समजेना की हे ऐकून तिथे डावीकडे काय होईल. मी माइक बंद केला. तेवढ्यात तिचा चौकोन काळा झाला. “नेट गेलं वाटतं,” मास्तर म्हणाले.

त्यानंतर गटावर तिच्या नावाने निरोप आला: ‘घरगुती कारणास्तव वर्ग सोडत आहे. आपणा सर्वांच्या सूचनांचा अत्यंत उपयोग झाला. आभारी आहे.’ त्याखाली फुलांची रांग. मी मास्तरांना फोन केला, तिचा पत्ता मागितला. ते समजूतदार आवाजात बोलले, तो आवाज ते पहिली कथा घेऊन येणाऱ्यांसाठी राखून ठेवत असावेत. “हे बघा, तुम्ही संवेदनशील आहात, तुमची ताकद आहे ती. पण आपण इथे वाचायला जमलोय, वाचवायला नाही.” या वाक्याचा त्यांना आनंद झालेला मला ऐकू आला. पुढच्या वर्गाच्या जाहिरातीत ते त्यांनी वापरलंसुद्धा. तिचा फोन बंद होता. मग मी बायकांसाठी असलेल्या मदतीच्या फोनवर बोलले. पलीकडची मुलगी मनापासून ऐकत होती. मारहाण? माहीत नाही. तक्रार त्यांनी स्वतः केलीय? नाही, म्हणजे केलीय, कथेत. पत्ता? नाही. “तुमचं नातं काय त्यांच्याशी?” मी म्हटलं, “आम्ही एकमेकींच्या समासात लिहितो.” ती म्हणाली, “म्हणजे मैत्रीण लिहू का?” मी म्हटलं, लिहा. तिने लिहिलं. “पत्ता मिळाला तर लगेच कळवा हं,” म्हणाली. तिची काही चूक नव्हती. वाक्याला घर नसतं, आणि पोलिसांना जायला घर लागतं.

आणि मग रविवारी तो आला. तिच्याच नावाच्या चौकोनात, तिच्याच उजेडात, इस्त्रीचा शर्ट घातलेला, गोरटेला, हसरा माणूस. फी भरलेली आहे, वाया कशाला घालवायची, आणि लिहिण्याची आवड त्यालाही आहेच, असं त्याने मास्तरांना विचारलं होतं आणि मास्तर म्हणाले होते, वा! “कुटुंबातच राहिलं सगळं,” काका म्हणाले. “मंडळी कशा आहेत?” “बरी आहे. आराम करतेय. माझं सगळं पहिलं तीच वाचते,” तो म्हणाला. नियमाप्रमाणे जोडी बदलायची नव्हती. नियमाप्रमाणे तो माझा जोडीदार झाला. त्या संध्याकाळी जोडीच्या बोलण्यासाठी आम्ही दोघंच पडद्यावर होतो. मी मशीनपाशी, तो तिच्या खुर्चीत. “तुमचे अभिप्राय फार बारीक असतात,” तो म्हणाला. “मी सगळे वाचलेत. मुलगी कशी आहे? अजून श्वास बघता का तिचा?” इतक्या मायेने विचारलं त्याने. आत मुलगी उठून बसल्याचा आवाज आला. मी म्हटलं, “बरी आहे.” माझं हसू जरा थांबून आलं असेल.

वर्ग सोडावा, हे पहिलं मनात आलं. नवराही म्हणाला, “सोड गं ते खूळ. वजन बघ आपलं, निम्मं झालंय.” पण त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याची कथा माझ्याकडे आली, आणि ती वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं की हा माणूस काय वाटेल ते असेल, आता लेखकही आहे. वर्गाने त्याची पाठ थोपटावी असं त्याला इतकं वाटत होतं की ते प्रत्येक ओळीतून घामासारखं झिरपत होतं. कथा एका प्रेमळ पतीची होती. पत्नी आतल्या खोलीत आजारी असते, पूर्ण कथाभर असते, आणि एकदाही बोलत नाही. मी समासात ‘चांगला नाहीये’ असं लिहिलं नाही. मी मास्तरांच्या भाषेत लिहिलं. ‘भावना पोचतात, पण घर दिसत नाही. तपशील हवेत.’ तो खूश झाला. दुसऱ्या मसुद्यात घर आलं: दुसरा मजला, लाकडी जिना, वळणावर कायम ओल धरलेली भिंत. मी लिहिलं, ‘वा. आता आवाज आणि वास?’ तर त्याने खालचं किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान दिलं, दिवसभर चालणारी कानस, आणि समोरचा पोहण्याचा तलाव, तिथली शिट्टी आणि औषध घातलेल्या पाण्याचा वास. ‘शेजार अजिबात नाही, हे पटत नाही,’ मी लिहिलं. पटत नाही! त्याने लगेच शेजार दिला, बंद पडलेला छपाईचा कारखाना, त्याच्या फुटक्या काचांत बसणारी कबुतरं. थेट पत्ता विचारता येत नव्हता, तो सावध झाला असता. मी फक्त चांगली जोडीदार होत गेले. वर्गात सगळे म्हणू लागले, या दोघांची जोडी काय जमलीय! मास्तरांनी माझे अभिप्राय नमुना म्हणून सर्वांना वाचून दाखवले. मी माझ्या मुलीला कडेवर घेऊन ते ऐकलं. तिने माझा कान धरून ओढला. मी पडद्याला मान डोलावत होते.

शेवटच्या मसुद्यावर मी लिहिलं: ‘आतली खोली अजून धूसर आहे. तिचं दार कसं आहे?’ त्याने लिहिलं, मूळ कथेतच, अभिमानाने, एक अख्खा नवा परिच्छेद: ‘दाराला बाहेरून जुनी पितळी कडी आहे. कामावर जाताना तो ती हलकेच लावतो. वाऱ्याने दार आपटून तिची झोप मोडू नये म्हणून.’ वर्गाला ते वाक्य फार आवडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगावर काटा आला, इतकं प्रेम!

मी ते सगळं त्या मदतीच्या फोनवाल्या मुलीला वाचून दाखवलं. तिने लिहून घेतलं. आमच्या पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने कबुतरांपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, “ताई, हे कुठं छापून आलंय?” नवऱ्याला हे सांगितलं, तर पहिल्यांदाच तो चेष्टा न करता बसून राहिला. “रचलेलं असेल,” म्हणाला शेवटी. मी म्हटलं, “ज्याला ‘सदर’शिवाय शब्द सुचत नाही त्याला खोटी कबुतरं सुचतील?” तो उठला, मुलीला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाला, “सगळीकडे शोधायचं म्हटलं तर आपण दोघं किती पुरे पडणार?”

म्हणून हे लिहिलं. वर्ग संपला, यावर मला कुणाचा अभिप्राय नको. बाई पटली की नाही, शेवट जमला की नाही, ते मनातच ठेवा. तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर पोहण्याचा तलाव असेल, त्याच्यासमोर किल्ल्यांचं दुकान आणि शेजारी फुटक्या काचांचा छापखाना, तर तो लाकडी जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जा. दिवसाउजेडी जा, एकटे जाऊ नका, सोबत कुणाला तरी न्या. किल्लीवाल्याला हाक मारा, त्याच्यापाशी हत्यारं असतात. तिचा नवरा घरी असला तर बाहेरचं दार उघडून तुम्हाला चहा विचारेल, ती झोपलीय म्हणेल, फार छान बोलेल. बसू नका. आतल्या खोलीची कडी काढा आणि विचारा, चष्म्याच्या दुकानातल्या ताई आहेत का? आणि उत्तर तिच्या आवाजात, तिच्या शब्दांत येईपर्यंत तिथून हलू नका.